सुईची सुट्टी

वनिताताईंची आणि माझी ओळख मूठभर मुरमुऱ्यांवर झाली. नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात, लहान मुलांच्या हार्मोनच्या ओपीडीबाहेर मी रडत बसले होते. मांडीवर माझी गार्गी. तिच्या शरीरात एक गरजेचं हार्मोन तयारच होत नाही, जन्मभर रोज गोळ्या द्याव्या लागतील, ताप आला की डोस लगेच वाढवायचा, नाहीतर जिवावर बेतेल, असं डॉक्टर मॅडमनी नुकतंच सांगितलं होतं. शेजारच्या अनोळखी बाईनं पिशवीतून डबा काढला आणि माझ्या तळहातावर मुरमुरे ठेवले.

"खाऊन घे आधी. उपाशी पोटी डॉक्टरचं बोलणं समजत नाही."

"भूक नाही हो," मी म्हटलं.

"भुकेचं कोण विचारून राहिलं? खा."

मी खाल्ले. मग त्यांनी मला पुन्हा आत पाठवलं आणि सगळं पुन्हा विचारून यायला लावलं. खरंच, या वेळी समजलं.

ताई भंडाऱ्याच्या. सासरे हातमागावर लुगडी विणायचे, नवऱ्याचं बाजारात लुगड्यांचं दुकान. एकुलता एक मुलगा प्रणय, त्याला लहानपणापासून मधुमेह. लहान मुलांच्या या मधुमेहात शरीर इन्सुलिन बनवतच नाही. रोज प्रत्येक जेवणाआधी बोट टोचून साखर बघायची, मग इन्सुलिनची सुई घ्यायची. सुई चुकवून चालत नाही. मी साकोलीहून नागपूरच्या एसटीत बसायचे आणि वाटेत भंडाऱ्याला चढणाऱ्या ताईंसाठी जागा धरायचे. दर महिन्याचा हा प्रवास आम्हाला माहेरपणासारखा होता, असं म्हटलं तर लोक हसतील, पण होता.

ताई कुणाचं सांत्वन करत नसत. त्यांना ते जमतच नसावं. आसगावचा एक शेतकरी बाप पोरीलाही तोच मधुमेह असल्याचं कळल्यावर ओपीडीच्या भिंतीला टेकून उभा होता. ताईंनी त्याला विचारलं, "घरी फ्रिज आहे का भाऊ?" नाही म्हणाला. "मंग माठ तं असन? मॅडमनं मले सांगतलं होतं, तेच तुमाले सांगतो. माठात ओली रेती भरा, त्याच्यात डबी ठेवा, डबीत इन्सुलिन, मंग ते गार राहते. रेती वाळू देजो नका." तो माणूस मान हलवू लागला, मग प्रश्न विचारू लागला. हातात काम आलं की माणूस उभा राहतो, यावर ताईंचा फार भरवसा. उत्तर देऊन झालं की मात्र त्या न चुकता म्हणायच्या, "हे मी सांगून राहिली. तुमी मॅडमले विचारा, मंगच करा."

मग लॉकडाऊन आलं. एसटी बंद. आमची ओपीडी बंद होऊन तिथे कोरोनाच्या खाटा पडल्या. मॅडमची ड्यूटीही तिकडेच लागली. त्या दिवसभराच्या थकव्यानंतर संध्याकाळी थोडा वेळ फोन घ्यायच्या. बाकी वेळ आम्हा सगळ्या आईबापांचा दवाखाना म्हणजे ताईंचा मोबाइल. कुणाचं इन्सुलिन संपत आलेलं, कुणाच्या गावात गोळ्याच मिळत नाहीत, कुणाच्या पोराची साखर खाली गेली आणि घरातले कोरोना समजून दाराबाहेर उभे. ताई औषधाच्या दुकानापुढे उन्हात उभ्या राहायच्या, दुधाच्या गाडीवाल्याला गाठून पवनीकडे बर्फाच्या डब्यात इन्सुलिन धाडायच्या, आणि या सगळ्यात फोन कानालाच. दुकान बंद होतं, सासरे खोकत होते, त्याबद्दल त्या काही सांगत नसत. मी विचारलं तर म्हणायच्या, "माझं सोड. तुह्या पोरीचं सांग."

दुसऱ्या लाटेत गार्गीला ताप आला. मॅडमनी लिहून दिलेला तापाचा डोस पाठ होता, तरी मी ताईंना फोन लावला. आवाज ऐकायचा होता, दुसरं काही नाही.

"दिला का डोस?"

"दिला."

"ओकली का?"

"नाही."

"मंग ठीक आहे. ओकली तं घरी बसाचं नाही, इंजेक्शनले दवाखान्यात न्याचं. मॅडमले मेसेज टाकून ठेव."

तेवढ्यात त्यांच्या मागून कुणीतरी उलटी करत असल्याचा आवाज आला.

"ताई, कोण ओकून राहिलं?"

"प्रणय. कैऱ्या खाल्ल्या असतीन. सकाळपासून पोट दुखते म्हणते."

"साखर किती आहे त्याची?"

"बरोबर आहे. आताच सांगतली त्यानं."

"त्यानं सांगितली, का तुम्ही पाहिली?"

पावलांचा आवाज, दाराचा आवाज, "दाखव बोट" असं जोरात म्हणणं. आणि त्यानंतर ताईंच्या तोंडून "अरे देवा" एवढंच. फोन कट झाला.

पुढचं मला नंतर समजलं. यंत्रावर आकडाच आला नाही, इतकी साखर वर गेली होती. श्वासाला गोडसर वास येत होता, इन्सुलिन न मिळाल्याची खूण; उलट्याही त्याच्याच. कोरोनाच्या धावपळीत एकही रुग्णवाहिका मोकळी नव्हती. नवऱ्यानं स्कूटर काढली, मध्ये पोराला बसवलं, मागून ताईंनी त्याला धरलं. पहिल्या दवाखान्यानं फाटकावरच सांगितलं, आधी कोरोनाचा रिपोर्ट आणा. दुसऱ्या ठिकाणीही तेच. तिसऱ्या ठिकाणी एका तरुण डॉक्टरनं पोराचा श्वास ऐकला आणि काही न विचारता आत घेतलं. सलाइन लागलं, इन्सुलिन लागलं. दोन रात्री ताई बाहेर जिन्यावर बसून होत्या.

त्यांचा फोन बंद, म्हणून लोक मला फोन करत होते. मला ठाऊक होतं ते सांगितलं, बाकीच्यांना मॅडमकडे धाडलं. गार्गीचा ताप उतरला. ताईंचा फोन आला तेव्हा पहिल्यांदा त्यांचा आवाज मला म्हातारा वाटला.

"वाचला वो बाई."

मी रडायला लागले. त्या नाही रडल्या. सांगत राहिल्या. प्रणयनं कित्येक आठवडे साखर तपासलीच नव्हती. आतल्या खोलीतून तो मनाला येईल तो आकडा ओरडून सांगायचा. ताई फोनवर असायच्या, तिथूनच 'ठीक' म्हणायच्या. इन्सुलिन कधी घ्यायचा, कधी मोरीत सोडून द्यायचा.

"मी विचारलं, काहून केलं रे असं? तं म्हणते, आई, मी थकलो. शाळेले सुट्टी आहे, दुकानाले सुट्टी आहे, मलेच नाही."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणीन? राग नाही आला वो मले. हेवा वाटला. त्याले म्हणता तरी आलं थकलो म्हणून. मले कोणाले म्हणता येते?"

मॅडमनी नंतर सांगितलं, या वयातली मुलं अशी थकतात, त्यांच्यावरचा भार काही दिवस मोठ्यांनी उचलायचा असतो. ताईंनी ते शब्दशः घेतलं. घरी आल्यावर प्रणयला म्हणाल्या, "आजारातून सुट्टी देता येत नाही बापा. सुईच्या कामातून देतो. बोट मी टोचीन, हिशेब मी करीन, सुई मी देईन. तू फक्त दंड पुढे कर. पाहिजे तं झोपून राहा." मिसरूड फुटलेल्या पोराला त्या पुन्हा तान्ह्यासारखं सांभाळू लागल्या.

आणि आमच्या ग्रुपवर त्यांनी सांगून टाकलं, आता दुपारी माझा फोन बंद राहील, अडलं तर मॅडमले विचारा. काही जणांना ते लागलं. एक जण तर 'आता मोठी झाली बाई' असं बोलला. मी ते ताईंच्या कानावर घातलं. "बोलू दे," त्या म्हणाल्या. "तोही थकला असन."

दुकान पुन्हा नीट उभं राहिलं नाही. सासरे त्याच उन्हाळ्यात गेले. नवऱ्याला नागपुरात कापडाच्या गोदामात काम मिळालं आणि सगळं घर तिकडेच राहायला गेलं. एसटीत भंडाऱ्याला जागा धरायची माझी सवय मोडायला वेळ लागला.

मागच्या वर्षी गार्गीची तपासणी आटोपून ताईंच्या नागपूरच्या घरी गेलो. दार प्रणयनं उघडलं. उंच झालाय, कॉलेजात जातो.

"आई झोपली आहे मावशी. उठवू का?"

"नको रे. झोपू दे."

त्यानं आम्हाला बसवलं, पोह्यांच्या ताटल्या मांडल्या, चहा ठेवला. चहा उकळेपर्यंत आमच्यासमोरच बोट टोचलं, आकडा पाहिला, सदरा वर करून पोटात सुई घेतली आणि एक ताटली गार्गीपुढे सरकवत तिला विचारलं, "तू गोळ्या स्वतः घेतेस, का आई देते?"

"मीच घेते," गार्गी म्हणाली.

"कंटाळा आला तं सांगजो आईले. लपवजो नको."

गार्गीनं माझ्याकडे पाहिलं. आतल्या खोलीत पंखा फिरत होता. दाराच्या फटीतून ताईंचे पाय दिसत होते, पांघरुणाबाहेर आलेले. त्यांना मी इतक्या वर्षांत कधी झोपलेलं पाहिलं नव्हतं. प्रणय उठला, पांघरूण पायांवर ओढलं, दार हळूच लोटून आला. आम्ही चहा प्यायलो आणि त्यांना न भेटताच साकोलीची बस धरली.