बिनकानाचे कप

लग्न होऊन मी रत्नागिरीकडच्या बंदरावरून थेट विदर्भात, दारव्ह्याला आले. शाळा चौथीतच सुटलेली, त्यामुळे हिशेब बोटांवर. सासूबाईंचं कपबश्यांचं दुकान होतं, विधवा बाईनं एकटीनं उभं केलेलं. त्यांनी मला गल्ल्यावर बसवलं, हे उपकार मी अजून विसरले नाही.

बसवलं आणि पहिलीच पेटी उघडली, तर गवतात कप शाबूत, कान मात्र सगळ्यांचे तुटलेले! रेल्वेत आपटली असणार. सासूबाई म्हणाल्या, "हे खपवून दाखव. नाई खपले त तू आपली चुलीपाशीच बरी."

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या चहाच्या हॉटेलचे मालक भाऊ आले. माझे वडील खलाशी. त्यांच्याकडून ऐकलेलं सगळं मी घाबरत घाबरत ओतलं. "भाऊ, चीनमध्ये कपाला कान नसतोच. वडिलांनी तिकडून आणलेला एक आमच्या घरी आहे. गोऱ्यांची बोटं भाजली, तेव्हा त्यांनी कान लावले. जहाजात चहा वर, कप तळाशी. पाणी शिरलं तरी कपाचं काय बिघडतंय? ही माती कशी भाजतात ते शोधून काढायला एका राजानं तर माणूसच कोंडून ठेवला होता."

"राजानं?" भाऊंनी कप नखानं वाजवला. "मंग आपल्या हॉटेलात आता राजाचेच कप!" भाव पाडून दोन सोडून सगळे नेले. हॉटेलातले कानवाले जुने कप त्यांनी आपल्या घरी पाहुण्यांसाठी ठेवले.

त्यांच्या हॉटेलात एक रीत होती. नुकत्याच बौद्ध झालेल्या वस्तीतल्या माणसांसाठी बाहेरच्या कोनाड्यात कानतुटके कप वेगळे ठेवलेले. ज्यानं प्यायचा त्यानंच विसळायचा. मला ते ठाऊक होतं. तरी विकताना मी फक्त चीनचंच सांगितलं.

बाजाराच्या दिवशी गर्दीत सगळे कप विसळायच्या एकाच बादलीत गेले. भाऊ धावत दुकानात. "वयनी, कोन्ता कोनाचा, काईच समजून नाई राह्यलं!"

मागोमाग वस्तीतला एक जवान गडी आला, हातातल्या कपावर फुंकर मारत. "भाऊ, आमचा कोन्ता ते सांगा ना. मी थांबून राह्यलो."

"माल वापस घ्या!" भाऊ ओरडले. गेली माझी गल्ल्याची जागा!

सासूबाईंनी पदर सावरला आणि गंभीरपणे म्हणाल्या, "उष्टा माल आमी वापस घेत नाई, भाऊ. धरम बाटते आमचा."

त्या गड्याला चहाचा ठसका लागला.

भाऊ गेल्यावर सासूबाईंनी उरलेल्या दोन कपांत चहा ओतला. माझी बोटं चांगलीच भाजत होती, पण कप खाली ठेवायची हिंमत होईना.

"बशीत ओत ना, येडे," त्या म्हणाल्या. "अन् उद्या दुसरी पेटी येऊन राह्यली. तूच उघडजो."