भिंतीला दिलेली फोडणी

दादा फाल्गुनात गेला. निरोप आला, मी शाळा अर्धी टाकली आणि प्रकाशा गावी गेलो. तिथे सगळे रडले. मला रडू आलं नाही.

त्याआधी आमच्या घराण्यात सगळे मिळून एकदाच रडले होते, आणि ते माझ्यामुळे. तेव्हा कोणी गेलं नव्हतं. मी फक्त भिंतीला रंग दिला होता!

ती भिंत दादाचीच. तो प्रकाशाला शेती करायचा, मी शहाद्याला मास्तर. मी शहाद्यात घर घेतलं, तेव्हा तो तापीकाठची माती गाडीत भरून घेऊन आला. तीत भुसा कालवून त्याने चार दिवस बैठकीची भिंत स्वतःच्या हातांनी लिंपली. चौथ्या दिवशी मी शाळेतून आलो, बगलेतलं पुस्तक खाली ठेवलं, एक डोळा मिटला आणि म्हणालो, "दादा, भीतले मधमा पोट उनं ना रे!"

(भूमिती शिकवणाऱ्या माणसाने घरी आल्यावर दोन्ही डोळे मिटावेत, हे मला फार उशिरा कळलं.)

दादाने बादलीत हात धुतले. "वाकडी शे? मंग तूच सरळ कर. तू शिकेल शे." त्याने गाडी जुंपली आणि गेला. ते तीन वर्षं आलाच नाही.

या तीन वर्षांत सगळ्यात जास्त हाल झाले आईचे. ती माझ्याकडे राहायची. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने घालून देवी सजवायची आणि भाऊबंदांनी एकत्र जमून रोट खायचे. त्या रोटासाठी घराण्यातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात. तो रोट घरच्यांनीच खायचा, परक्याला द्यायचा नाही. आई दरवर्षी दादाच्या नावाची मूठ काढायची आणि दरवर्षी त्याचा रोट मुकाट्याने स्वतःच्या ताटात घ्यायची. चौथ्या वर्षी कानबाई माझ्या घरी बसायची होती. आई म्हणाली, "यंदा मी त्याना रोट खाव नही. तो उना तं तो खाई. नही तं मी बी जेवाव नही."

दादाला निरोप गेला. उत्तर आलं नाही. तेव्हा मी ठरवलं की तोंडाने माफी मागणं आपल्याला जमायचं नाही, आपण भिंतीची शोभा करावी. दादाने आत पाऊल टाकावं आणि पाहावं, की त्याच्या भिंतीचा धाकट्याने केवढा मान ठेवला आहे!

माझ्याकडे पुण्याहून एक मासिक येत असे. त्यात गृहसजावटीवर एक लेख होता. पांढऱ्या भिंतीवर कमरेच्या उंचीला डाळिंबी पट्टा ओढला असता बैठकीस भारदस्तपणा येतो, असं त्यात म्हटलं होतं. विलायती रंग वापरू नये, आपल्या प्रांती जे विपुल पिकतं त्यातून रंग काढावा, हेही होतं. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. समोरच्या घराच्या ओट्यावर, त्याच्या शेजारी, त्याच्याही शेजारी, श्रावणातली उघडीप साधून लोकांनी एकच गोष्ट उन्हात घातली होती. लालभडक. विपुल!

आमच्या माळ्यावरही पोतंभर होती. शनिवारी मी त्यातली दोन पायली मिरची कुटली, पातेल्यात घातली, बाभळीचा डिंक टाकला आणि उकळायला ठेवली. पहिल्या उकळीला मांजर घर सोडून गेलं. दुसऱ्या उकळीला शेजारच्या काकू भिंतीपलीकडून ओरडल्या, "मास्तर, काय जळनं हो तुमना घरमा?" तिसऱ्या उकळीला बायको तोंडाला पदर लावून दारात उभी राहिली.

"अहो, तुम्ही भीतले रंग दी ऱ्हायनात का फोडनी?"

"याला वनस्पतिजन्य रंग म्हणतात," मी खोकत म्हणालो.

"गेरू शे ना घरमा!"

"गेरू सगळेच लावतात."

"सगळा लावतस, कारण तो डोयामा जात नही!"

पण मी सुतळी ताणली, आणि चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर वीतभर रुंद पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढला. रंग काय चढला! एकच गोष्ट मासिकाने सांगितली नव्हती. सरळ पट्ट्याखाली भिंतीचं पोट आता रस्त्यावरूनही दिसत होतं.

दुसरी गोष्ट मासिकाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. पुण्यात लोक खुर्चीवर बसत असतील. आमच्याकडे सतरंजीवर बसतात, आणि बसल्यावर भिंतीला टेकतात. पट्टा बरोबर टेकलेल्या डोक्यामागे आला होता.

रविवारी दुपारी भाऊबंद जमले. आत रोट भाजले जात होते, बाहेर ऊन होतं, बैठक तापली, आणि माझा डिंक वाळून पापुद्र्यांनी सुटू लागला. आबाकाका आमच्यात सगळ्यात वडीलधारे. ते टेकले, मान इकडून तिकडे घासली आणि म्हणाले, "भीत भारी करी रे मास..." आणि शिंकले. एक नाही, सलग अकरा. अकराव्या शिंकेला त्यांनी मानेवरचा घाम पुसला आणि त्याच हाताने डोळे पुसले.

"अय माय वं! डोयानी आग व्हई ऱ्हायनी!"

त्यांना सावरायला दोघे उठले, भिंतीला हात टेकून उठले, आणि त्या हातांनी काकांचा चेहरा पुसला. मग स्वतःचा. पाचव्या मिनिटाला बैठकीतली पंधरा माणसं शिंकत, हुंदके देत, एकमेकांच्या गळ्यात पडून डोळे पुसत होती. मी ओरडत होतो, "टेकू नका, टेकू नका!" आणि मला दिसेनासं झाल्यामुळे मी स्वतःच टेकलो होतो!

नेमकी तेव्हा दारात गाडी थांबली.

दादा आला होता. हातात तुपाची बरणी. दारातूनच ती द्यायची आणि परत फिरायचं असा त्याचा बेत असावा, कारण त्याने बैल सोडले नव्हते. त्याने उंबऱ्यातून आत पाहिलं. सगळे भाऊबंद धाय मोकलून रडताहेत, आणि आई कुठे दिसत नाही!

"कोन गयं रे?" त्याचा आवाज फाटला. "माय? मन्ही माय गयी?"

बरणी खाली पडली. तो माणसं ओलांडत आत धावला, आणि पिठाने भरलेल्या हातांनी आई बाहेर आली.

"मी जित्ती शे ना रे! रडस काबर?"

दादा तिच्या पायांपाशी बसला. बसला तो भिंतीला टेकून. मग त्याचे डोळे असे वाहू लागले, की आबाकाकांनीही आपलं रडणं थांबवून त्याच्याकडे पाहिलं. मी चाचपडत पुढे गेलो आणि त्याचा म्हणून भलताच कोणाचा तरी खांदा धरला. दादानेच माझा हात ओढून आपल्या खांद्यावर ठेवला.

"कानबाई जागी शे वं!" आतल्या बायका म्हणाल्या. "दोन्ही भाऊ एक कऱ्यात!"

आईने पदराने डोळे पुसले. (तिचे डोळे मिरचीचे नव्हते. तिने भिंतीला बोटही लावलं नव्हतं.) मग बाहेर बघून म्हणाली, "बैल सोडा रे कोनी तरी."

दादाने आपला रोट खाल्ला. आईनेही खाल्ला. तूप मात्र उंबऱ्यावर होतं.

सोमवारी कानबाई नदीत शिरवून परतताना मी दादाला खरं सांगायचं ठरवलं. "दादा, ती भीत..."

"ठाऊक शे मले. मन्हा वावरनी मिरची शे ती, मीच धाडेल व्हती मायकडे. वास वळखस मी."

"मंग इतला रडना काबर?"

"इतला लोकेस्मा रडाले काही तरी कारण लागस रे. तू दिधं." मग म्हणाला, "पन भीत वाकडीच शे. तू म्हने ते खरं व्हतं."

"नही रे."

"शे. तुन्हा पट्टामुये आखो जास्ती दिखस!"

बायकोने त्याच आठवड्यात भिंत खरवडली आणि वर चुना दिला. पुढे दर श्रावणात देत आली. पट्टा ओढल्यावर परत भिंतीला लावलेलं माझं पुस्तकांचं कपाट मात्र जड, ते त्यानंतर कधी हललं नाही. परवा दादाचे दिवस करून परत आलो आणि कसं कोण जाणे, ते सरकवलं. मागे पट्टा होता. मी वास घेतला. कळेना. मग जीभ लावून पाहिली.

"अहो! हेडमास्तर व्हयनात नि भीत चाटी ऱ्हायनात?"

मी वळलो. ती जवळ आली. "डोयामा पानी काबर?"

"मिरची," मी म्हणालो.

"इतला वरीसनी?"

"हो."

तिने स्वतः बोट लावून चाखलं आणि तांब्याभर पाणी आणून दिलं.

कपाट परत जागेवर ठेवलं आहे. त्याच्यामागे हातभर पट्टा उरला आहे. तो तिखट नाही. भिंत वाकडी आहे.