आधी तिच्या डोळ्यात

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंच होतं आणि माझी मुलगी तान्ही होती. उंद्रीच्या बाजारात एक बाई काजळ विकायची. एरंडेलाच्या दिव्यावर पालथ्या ताटात धरलेली काजळी ती तुपात कालवायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

डबी देण्याआधी ती त्यातलं बोटभर काजळ स्वतःच्या डोळ्यात घालायची आणि डोळे मिटून गप्प बसायची. गिऱ्हाईक ताटकळलं तरी तिला घाई नसे. एका बाजाराला तिचा डोळा लाल झाला.

"हे नाही देत, बाई. तेलात भेसळ हाये वाटते," म्हणत तिने सगळ्या डब्या चिंधीने पुसून काढल्या.

"थोडंसं चुरचुरलं असेल," मी म्हटलं.

"मले चुरचुरलं त सांगता येते. तुमच्या लेकराले सांगता येते काय?"

ती लेक आता रसायनशास्त्र शिकवते. परवा म्हणाली, काजळीत कार्बनचे चेंडूसारखे गोल रेणू सापडतात. ते औषधांत, क्रीममध्ये वापरून पाहतात, पण अंगाला कितपत चालतील हे अजून पुरतं कळलेलं नाही.

"मग आधी कोण लावून पाहतं?" मी विचारलं.

तिला वाटलं, मी गंमत करतेय.