सर्वानुमते

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, आणि ज्या दोन मित्रांना माझं बहुतेक सगळं ठाऊक आहे त्यांनाही नाही. एकदा वहीत लिहायला बसलो होतो. चार ओळी झाल्या, आणि चौथ्या ओळीत मी स्वतःचीच बाजू मांडायला लागलेलो दिसलो. पान फाडून टाकलं. आता तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं — तसं काही जात नाहीये.

मी रोह्याच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचो. राहायला पेणला, रामवाडीत. सकाळच्या पॅसेंजरने जायचं, संध्याकाळच्या पॅसेंजरने परत यायचं. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. विद्यापीठाचा नवा कायदा आला होता आणि त्यात कॉलेजच्या व्यवस्थापन समितीवर शिक्षकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींना जागा होत्या. आमच्याकडे तिघांना. मी त्यातला एक, आणि सर्वात जास्त मतांनी आलेला. वर्गात मी मुलांना शिकवायचो की लोकशाही म्हणजे नुसतं मतदान नव्हे, निर्णय होतो त्या टेबलाशी बसायला मिळणं. हे वाक्य माझं आवडतं होतं. मुलं ते परीक्षेत लिहायची आणि मी त्याला मार्क द्यायचो.

रंजना म्हात्रे त्याच पॅसेंजरला असायच्या. मराठी शिकवायच्या. पेणच्या खाडीकडच्या गावातल्या. आईवडील दोघंही मिठागरात राबलेले. त्या गावातून कॉलेजात शिकवायला लागलेली ही पहिलीच मुलगी. वय तिशीच्या आत. त्यांचं पीएच.डी.चं काम सुरू होतं — मिठागरातल्या माणसांची बोली. चिखलाला, भरतीच्या पाण्याला, जमू लागलेल्या मिठाला त्यांच्या गावात किती वेगवेगळे शब्द आहेत ते त्या आईला विचारून वहीत उतरवायच्या. गाडीत कधी कधी ती वही उघडून मला वाचून दाखवायच्या. बोलताना त्या आमच्यासारखं पुस्तकी बोलायच्या, पण हसल्या की 'नाय हो सर' असं निघून जायचं आणि मग त्या जीभ चावायच्या. मी म्हणायचो, चावू नका, त्याच्यावरच तर तुम्ही पदवी घेताय.

पाहा, पुन्हा मी त्यांच्याविषयी चांगलं सांगत बसलोय. म्हणजे मी त्यांच्याशी किती आपुलकीने वागायचो हे तुमच्या लक्षात यावं — असंच ना?

तर मग हेही सांगायला हवं. निडी स्टेशनात आमची गाडी समोरच्या गाडीसाठी थांबून राहायची. अशाच एका थांब्यात मी त्यांना म्हणालो की समितीच्या बैठकांचं इतिवृत्त स्टाफरूमच्या फळ्यावर लागायला हवं. आत काय ठरतं ते बाहेर शिक्षकांना कळतच नसेल तर प्रतिनिधी निवडून द्यायचे कशाला? त्यांना ते एकदम पटलं. त्या म्हणाल्या, "सर, मग तुम्हीच मांडा ना शिक्षकांच्या सभेत."

मी म्हणालो, "मी समितीवर आहे. मी मांडणं बरं दिसत नाही. तुम्ही मांडा, मी पाठिंबा देतो."

त्यांनी मांडलं. त्यांची नोकरी तेव्हा कायम नव्हती, दोन वर्षांचा परिवीक्षेचा काळ संपायला आला होता. हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. सभेत त्या उभ्या राहिल्या, हातातल्या कागदाकडे न बघता नीट बोलल्या. टाळ्या पडल्या. प्राचार्य म्हणाले, "बघू." मी पाठिंब्याचं एक वाक्य बोललो. एकच.

त्यानंतर दीड महिन्याने समितीची बैठक लागली. विषयपत्रिकेत शेवटून दुसरा विषय होता — श्रीमती म्हात्रे यांना सेवेत कायम करणे अथवा न करणे. हे कशामुळे ते स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या लक्षात आलं. मधल्या सुट्टीत एकेक जण येऊन मला सांगून गेला, "सर, आता तुम्ही आहात." बाकीच्या दोन प्रतिनिधींपैकी एक बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या, दुसरे विद्यापीठाचे पेपर तपासायला मुंबईला गेले होते. म्हणजे मी एकटाच. मी आदल्या संध्याकाळी मुद्दे काढले. त्यांच्या वर्गाचे निकाल, विद्यार्थ्यांचं मत, वेळच्या वेळी घेतलेले तास. एक पान भरलं. ते घडी करून खिशात ठेवलं.

बैठक दुपारी तीनला होती. अध्यक्षांना सगळे अण्णासाहेब म्हणायचे. मोठा, प्रसन्न माणूस. त्या दिवशी त्यांनी मला स्वतःच्या शेजारची खुर्ची दिली. "प्रोफेसर, इकडे या, तुमच्यासारखी माणसं जवळ असली की बरं वाटतं," म्हणाले. चहा आला तेव्हा पहिला कप त्यांनी माझ्यापुढे सरकवला. माझ्या घरच्यांची चौकशी केली. खिडकीतून धाटावच्या रासायनिक कंपन्यांचा तो आंबट वास येत होता, तर ते उठून स्वतः खिडकी लावून आले.

विषय आला. प्राचार्यांनी वाचलं — कामकाज समाधानकारक नाही, संस्थेशी वागणूक सहकार्याची नाही, सबब कायम करू नये अशी शिफारस. दोन वाक्यं. म्हात्रे मॅडमचा एकही तास कधी कुणी बसून ऐकला नव्हता. अण्णासाहेबांनी टेबलावरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर आणून ठेवली. रागाने नाही. उलट हसून.

"सरांची काही हरकत नसेलच."

खिशातल्या पानावर माझा हात होता. कागदाची घडी बोटांना लागत होती.

मी म्हणालो, "नाही."

बस. एवढंच. तुम्हाला वाटत असेल, दबाव असेल, धमकी असेल. नव्हती. माझी नोकरी कायम होती, मला कुणी हात लावू शकत नव्हतं. विरोध केला असता तर काय झालं असतं? ठराव तरीही झाला असता बहुतेक. फक्त अण्णासाहेबांचं ते हसू गेलं असतं. शेजारची खुर्ची गेली असती. मी इतकी वर्षं भीती, भीती म्हणून स्वतःची समजूत घालत आलो, पण ती भीती नव्हती. मला त्या टेबलाशी बरं वाटत होतं.

पण मी कबूल करायला बसलोय ते हे नव्हे. हे नुसतं आधीचं.

बाहेर आलो तेव्हा स्टाफरूममध्ये आठ-दहा जण थांबलेले. रंजना म्हात्रे खिडकीपाशी उभ्या. कुणीतरी विचारलं, "काय झालं?" आणि माझ्या तोंडून निघालं — ठरवलं नव्हतं, शपथेवर सांगतो, पण निघालं अगदी सरळ, न अडखळता — "नाही झालं. मी विरोध केला. विरोध नोंदवून घ्यायला लावला. पण माझं कोण ऐकतं?"

कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हात्रे मॅडम जवळ आल्या. डोळे भरलेले होते, पण आवाज ठाम होता.

"सर, लेखी आहे ना तुमचा विरोध?"

"आहे," मी म्हणालो.

तुम्ही म्हणाल, प्राचार्यांना तर खरं माहीत होतं. होतं. दोन दिवसांनी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून म्हटलं, "ऐकलं मी, तुम्ही बराच विरोध केलात म्हणे." आणि दुसऱ्या कागदाकडे वळले. पुन्हा तो विषय त्यांनी कधीच काढला नाही. गरजच नव्हती. पुढच्या प्रत्येक बैठकीत काही अडचणीचं आलं की ते फक्त माझ्याकडे बघायचे.

म्हात्रे मॅडम अलिबागला एका वकिलांना भेटून आल्या. वकील म्हणाले, कॉलेज-शिक्षकांसाठीच्या न्यायाधिकरणाकडे अपील करता येईल. मुदत थोड्या दिवसांची आहे, पण शिक्षक प्रतिनिधीचा लेखी विरोध इतिवृत्तात असेल तर बाजू चांगली बळकट होते. त्याची प्रत तेवढी मिळवा. त्यांचा नोटिशीचा काळ अजून संपला नव्हता; गाडीत माझ्या समोर बसून त्यांनी हे सगळं सांगितलं. चेहऱ्यावर पुष्कळ दिवसांनी जरा उजेड होता. म्हणाल्या, "सर, तुमच्यामुळे वाट तरी दिसतेय."

मी म्हणालो, प्रत मिळवतो.

पहिल्या आठवड्यात सांगितलं, क्लार्क रजेवर आहे. दुसऱ्या आठवड्यात सांगितलं, प्राचार्य द्यायला तयार नाहीत. मी मागितलीच नव्हती — मागणार तरी काय होतो? फळ्यावर ते इतिवृत्त लागलं असतं तर माझं खोटं एका दिवसात उघडं पडलं असतं. लागलं नाही म्हणून टिकलं. मग त्या म्हणाल्या, प्रत नसेना, अर्ज तर करते, न्यायाधिकरण मागवून घेईल कागद. आणि तेव्हा मी रोज सकाळ-संध्याकाळ त्या गाडीत बसून त्यांना अपीलापासून परावृत्त केलं. मोठ्या भावासारखं. म्हटलं, वर्षानुवर्षं जातील. म्हटलं, नाव एकदा कोर्टात गेलं की दुसरं कुठलं कॉलेज घेत नाही. म्हटलं, तुमची पीएच.डी. पूर्ण करा, त्यातच शहाणपण आहे. त्या शांतपणे ऐकायच्या. एके दिवशी नागोठणं गेल्यावर म्हणाल्या, "तुम्ही एवढं सांगताय तर राहू दे सर. तुमच्याइतकं माझ्यासाठी कुणी केलंय?"

मुदत संपली त्या दिवशी मी कॅलेंडर पाहिलं. मला हलकं वाटलं. हो, हलकं.

पुढच्या बैठकीत मागचं इतिवृत्त वाचून कायम करायचं होतं. त्यात त्या ठरावापुढे एकच शब्द होता — सर्वानुमते. मी तो वाचला आणि सही केली.

कॉलेजातली नोकरी सुटल्यावर म्हात्रे मॅडमना दुसरीकडे जागा मिळाली नाही. पेणला एका खाजगी शाळेत पहिली-दुसरीला शिकवायला लागल्या. पुढे त्यांच्या मार्गदर्शकांची बदली झाली, शाळेतून रजा मिळेना, आणि ते बोलीचं काम अर्धवट राहिलं. वह्या घरी पत्र्याच्या पेटीत ठेवल्यात, असं त्या म्हणाल्या होत्या.

आणि मी? मी विद्यापीठाच्या अधिसभेच्या, म्हणजे सिनेटच्या, निवडणुकीला उभा राहिलो. आमच्या पत्रकात छापलं होतं — 'सहकारी शिक्षिकेसाठी एकट्याने विरोध नोंदवणारा प्रतिनिधी.' ते वाक्य मी लिहिलं नव्हतं. कुणी लिहिलं? म्हात्रे मॅडमनीच. शाळा सुटल्यावर त्या एसटीने अलिबागला, महाडला जाऊन शिक्षकांना भेटायच्या. रोह्याला शिक्षकांच्या मेळाव्यात बोलल्या. म्हणाल्या, "आत बसून आपल्या बाजूने बोलणारा माणूस असतो यावर माझा विश्वास यांनी टिकवला." मी मंचावर बसलो होतो. खाली मान घालून. लोकांना तो विनय वाटला. चांगल्या मतांनी निवडून आलो.

अधिसभेत मी पुष्कळ प्रश्न विचारले, चांगले प्रश्न. काहींचा उपयोगही झाला. ते मी इथे मोजणार नाही.

दशक संपता संपता त्यांची आई गेली. मी भेटायला त्यांच्या गावी गेलो. पहिल्यांदाच. बांधावरून चालत जावं लागलं. दोन्ही बाजूंना मिठागरं, मधेच बांध फुटून खारं पाणी शिरलेली शेतं. घर छोटं होतं. अंगणात माणसं जमिनीवर बसली होती, बहुतेक सगळी मिठागरात काम केलेली, उन्हाने रापलेली. रंजना म्हात्रे आतून आल्या. केस पांढरे व्हायला लागले होते. जरा वेळ उभ्या राहिल्या, मग वडिलांकडे वळून म्हणाल्या, "बाबा, हे ते सर."

म्हातारा धडपडत उठला. त्याने माझे दोन्ही हात धरले. तळवे खडबडीत होते, मिठाने खाल्लेले.

"हिची आय तुमचं नाव काढायची वो सर," तो म्हणाला. "म्हनायची, आपल्या पोरीसाठी कोन नाय उभा रायला, त्यो एक सर उभा रायला. येकदा घरी आना म्हनायची. ऱ्हाऊनच गेलं बघा."

सांगायचं असतं तर याहून मोकळी वेळ कोणती होती? माणूस गेलेल्या घरात लोक खरं ऐकून घेतात. रंजना माझ्याकडे बघत होत्या. त्या नजरेत काही होतं का, त्यांना कधी कळलं होतं का — मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही.

घरात एकच खुर्ची होती. एका बाईने ती बाहेर आणली, पदराने पुसली आणि अंगणाच्या मध्यभागी ठेवली. जमिनीवर बसलेली माणसं सरकून जागा करू लागली. म्हातारा म्हणाला, "बसा सर."

मी बसलो.