लिंबाळीने पंख खाली घेतले

आधीच सांगतो, मी स्ट्रक्चरल इंजिनीअर माणूस. भूत, चकवा, करणी... असल्या गप्पा निघाल्या की मी चहा टाकायला उठतो. पण हे माझ्याच घरात, भर दुपारी झालंय.

आम्ही ओमानमधल्या सलालाहला राहतो. खरीफ चालू होता, म्हणजे इथला भुरभुर पावसाचा सीझन. माझी बायको सुजाता जलरंगात फुलपाखरं काढते, अगदी हुबेहूब. गेल्या वर्षी इथल्या प्रदर्शनातून तिचं चित्र नापसंत होऊन परत आलं होतं. यंदा महिनाभर खपून तिने लिंबाळी फुलपाखरू काढलं – काळ्या पंखांवर पिवळे ठिपके, मागच्या पंखांवर लाल डाग. हेही परत आलं तर ब्रश कायमचे बंद, असं तिने ठरवून टाकलं होतं.

शुक्रवारी सकाळी प्रदर्शन भरवणारे थॉमस अंकल चहाला आले. चित्रावर वाकून नीट बघितलं. मग हळूच म्हणाले, "भाभी, ये तो पिन लगायी हुई तितली है. ज़िंदा तितली आगे के पंख इतने ऊपर नहीं खींचती."

चूक खरी होती. टाचणीने ताणून बसवलेल्या नमुन्याच्या फोटोवरून तिने चित्र काढलं होतं. संध्याकाळी ते द्यायचं होतं, आणि जलरंगातला काळा काही पुसता येत नाही.

"खलास," सुजाता म्हणाली. "मेलेलंच काढलं मी."

मला फार वाईट वाटलं. बळेबळेच तिला समुद्रावर जेवायला नेलं. निघताना आठवण म्हणून चित्राचा फोटो काढला, दाराला कुलूप घातलं. किल्ली माझ्याच खिशात.

परत आलो... आणि सुजाता आत शिरताच किंचाळली. "अहो, इकडे या आधी!"

लिंबाळीने पुढचे पंख खाली घेतले होते! लाल डाग अर्धे झाकलेले. वर जिथे काळा रंग होता तिथे कोरा कागद – आणि त्यावर तिच्या पेन्सिलच्या जुन्या रेषा तशाच.

"खरं सांगा, तुम्ही केलंत?"

"मी? मला पट्टीशिवाय रेघ मारता येत नाही!"

घाबरायचं सोडून आम्ही दोघं वेड्यासारखे हसत सुटलो. संध्याकाळी थॉमस अंकल आले. "इतनी जल्दी दूसरी बना ली? यल्ला, चलो, अब उड़ेगी!" म्हणत उत्तराची वाट न बघता चित्र घेऊनही गेले.

फोनमधला फोटो अजून आहे, त्यात पंख वर ताणलेलेच. कितीदा ताडून पाहिलं, उत्तर सापडत नाही. सुजाताचे ब्रश मात्र जोरात चालू आहेत. आता ती लिंबाच्या झाडाखाली बसून जिवंत फुलपाखरं बघते.

प्रदर्शन संपल्यावर लिंबाळी घरी आलं, हॉलमध्ये लावलंय. बाहेर जाताना मी त्याच्याजवळची खिडकी जराशी उघडी ठेवतो. एसी चालू असला तरी.