मालनबाईचं कांडप रेडिओवर

तीर्थपुरीच्या मालनबाईला राग लवकर येतो आणि मिरची कुटता कुटता जिरूनही जातो. या वेळचा मात्र जिरला नाही. का जिरावा?

बारा वर्षं ती मिरची-हळद कुटायचं कांडप चालवते. नवरा गेल्यावर मशीन एकटीनं शिकली. पट्टा तुटला तर आपल्या हातानं बसवते. रेडिओवरच्या 'व्यापारउदीम' कार्यक्रमाची माणसं गावात आली, तेव्हा तिनं त्यांना चहा पाजला आणि एकच गाऱ्हाणं सांगितलं. "ऐन मिरचीच्या दिवसांत दुपारभर लाईट न्हाई. बायका पोतं घेऊन येतात अन् तशाच वापस जातात. एवढं बराबर सांगा."

रविवारी कार्यक्रम लागला. ऐकायला कांडपावर बायका जमल्या. मालनबाईचं नाव आलं आणि पाठोपाठ कुणी गोड गळ्याची शहरी बाई बोलू लागली, "मी मालन. मला माझ्या उद्योगात कुठलीच अडचण नाही."

शेजारची वंदना पोतं उचलत म्हणाली, "अडचण न्हाई म्हन्लीस व्हय? मंग आम्ही काय येड्या म्हणून वापस जातो?"

मालनबाईनं रेडिओवाल्यांना फोन केला. तिकडून उत्तर आलं, की तिची बोली श्रोत्यांना कळणार नाही म्हणून दुसऱ्या बाईकडून बोलून घेतलं, आणि वेळेअभावी थोडं गाळलं. थोडं! तिच्या अंगाची लाही लाही झाली. ज्या बायकांसाठी तोंड उघडलं, त्यांच्यासमोरच तिला खोटं पाडलं होतं.

गुरुवारी दुपारी त्या कार्यक्रमात श्रोत्यांचे फोन थेट घेतात. लाईट नेहमीसारखी गेलेली होती. वंदनानं आपल्या मोबाईलवर रेडिओ लावला आणि मालनबाईनं फोन जोडला.

"मी तीर्थपुरीची मालनबाई. रविवारी बोलली ती मी न्हाई."

"ताई, जरा शुद्ध बोलाल का?" निवेदक म्हणाला. "श्रोत्यांना समजायला हवं."

"बारा गावं माझ्या हातचा मसाला खाऊन राह्यली, त्यांना समजतं. तुम्हालाच कसं समजंना?"

"बरं, तुमचा प्रश्न काय आहे?"

"प्रश्न न्हाई. माझा धंदा ऐका." तिनं मशीनचं बटण खाली केलं आणि फोन मशीनजवळ धरला. वंदनाच्या मोबाईलमधून काहीच येईना. तिनं आवाज वाढवला, तरी काही नाही.

"हॅलो? ताई, आवाज येत नाहीये!"

"हाच तो माझ्या धंद्याचा दुपारचा आवाज," मालनबाई ओरडली. "आता सांगा जिल्ह्याला, अडचण न्हाई म्हणून!"