मास्तरांचा हूम आणि मी

फोटोमास्तर एकदा बसले की त्यांचा दगड व्हायचा. हे मी कौतुकानं सांगत नाही, जे होतं ते सांगते. आमच्या परसात एकदा ते होल्याच्या घरट्यासमोर कॅमेरा लावून बसले होते, तर एक सरडा त्यांच्या धोतरावरून चढत चढत खांद्यापर्यंत गेला आणि तिथं मान हलवत बसला. यांची पापणी लवली नाही. मी दारात चहा घेऊन उभी. चहा निवला, वर साय धरली. आतून सासूबाईंनी विचारलं, "दिलास का गं चहा त्याला?" मी म्हटलं, "कुणाला देऊ, सासूबाई? खालच्याला की खांद्यावरच्याला?"

आणि हाच माणूस जेवायला बसला आणि भात उतरायला जरा उशीर झाला, की वाटीनं ताट बडवायचा. म्हणजे धीर होता, भरपूर होता. तो फक्त पिसंवाल्यांसाठी आणि शेपटीवाल्यांसाठी राखून ठेवलेला होता. माझ्या वाट्याला आला नाही, एवढंच माझं म्हणणं.

फोटोमास्तर म्हणजे आमचे हे. आधी ते शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून मास्तर. पुढं नोकरी सोडून सात रस्ता चौकाजवळ स्टुडिओ काढला, म्हणून फोटोमास्तर. मी नाव घेत नसे, आताही घेत नाही. सगळं सोलापूर त्यांना मास्तर म्हणत होतं, मीही तेच म्हणते.

स्टुडिओ आमच्या घराच्या पुढच्या खोलीत. गिऱ्हाइकाला ते अर्धा अर्धा तास बसवून ठेवायचे. "खांदा खाली. श्वास सोडा. कॅमेऱ्याला विसरा." टांगेवाले चाचा एकदा नवी शेरवानी घालून आले होते. बसून बसून त्यांची मान अवघडली, तेव्हा ते म्हणाले, "मास्टर, मैं जिंदा हूँ जी, मुर्दे का फोटू नक्को निकालो!" पण फोटो आला तेव्हा चाचांनी तो डोळ्यांना लावला. विणकर साळ्यांच्या पोरी, लग्न ठरलेल्या, तेलुगूत कुजबुजत यायच्या. त्यांचे पदर मास्तर मला सारखे करायला लावायचे. गावातल्या किती नव्या नवऱ्या त्या खुर्चीत बसवल्या मी या हातांनी! मी स्वतः मात्र कधी बसले नव्हते. मी लग्न होऊन आले तेव्हा मास्तर म्हणाले होते, "तुझा काढू की. घाई काय आहे?" मग मी दर सणाला आठवण करून द्यायची, आणि दर सणाला घाई नसायची.

पावसाळा लागला की मास्तरांचं स्टुडिओतलं लक्ष उडायचं. तळ्यावरचे बगळे काढून झाले होते, काळवीट झाले होते. आता त्यांना हूम हवा होता. माळढोक म्हणतात तो पक्षी. आपल्याकडं माळावरची माणसं त्याला हूम म्हणायची, कारण तो ओरडतोच तसा, पोटातून, रिकाम्या रांजणात तोंड घालून बोलावं तसा. पावसाळ्यात नर गळ्याची पिशवी फुगवतो, ती पांढरीशुभ्र पार पायांपर्यंत लोंबते, शेपूट पाठीवर उलटी टाकतो आणि मादीला दाखवायला माळाच्या उंचवट्यावर फेऱ्या घालतो. तो तसा फुगलेला असतानाचा फोटो हवा. नुसता चरताना नको, उडताना नको.

दुधनीच्या बाजूला माळावर यल्लव्वा नावाची धनगरीण आणि तिचा नवरा मेंढरं घेऊन असायचे. मास्तर रेल्वेनं जायचे, त्यांच्या पालाशेजारी राहायचे आणि दिवसचे दिवस काटक्या-घोंगड्याच्या आडोशात बसून काढायचे. परत यायचे ते हात हलवत. तोंड उन्हानं करपलेलं, अंगाला मेंढरांचा वास, आणि खुशीत! मी विचारायची, "मिळाला का?" तर म्हणायचे, "नाही. पण आज बराच जवळ आला होता." मी पाण्याचा तांब्या जरा आपटूनच ठेवायची.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "जनावराला बोलवायचं नसतं. आपण तिथं नसल्यासारखं असायचं. मग ते दिसतं." मी म्हणायची, "त्यासाठी माळावर कशाला जायला हवं? घरात तुम्ही तसेच असता." यावर ते मोठ्यानं हसायचे. हसले की मला आणखीच राग यायचा.

मग एका पावसाळ्यात यल्लव्वाच्या नवऱ्याचा पाय मोडला, आणि मास्तर मला म्हणाले, "तू येतेस का माझ्याबरोबर?"

लग्नानंतर इतक्या वर्षांनी! मी हिरवं इरकली लुगडं काढलं. मास्तरांनी वरून खालपर्यंत पाहिलं. "हिरवं बरं आहे," म्हणाले. मी लाजले. पुढं म्हणाले, "लाल असतं तर तो बुजला असता."

माळावर पोहोचल्यावर मला माझं काम कळलं. हूमाची नजर फार तिखट, माणूस लांबून दिसला तरी तो निघून जातो. मेंढरांना मात्र भीत नाही. म्हणून मेंढरांच्या घोळक्यातून दोघांनी आडोशापर्यंत जायचं, एकानं आत शिरायचं आणि दुसऱ्यानं सगळ्यांना दिसेल असं चालत निघून जायचं. हूमाला वाटतं, आलेलं माणूस गेलं. मग तो निर्धास्त होतो. आधी यल्लव्वाचा नवरा निघून जायचा. आता मी.

"म्हणजे मी नुसतं जायचं?"

"हो. पण सावकाश जा. मागं वळून बघू नकोस."

मी गेले की. इरकली नेसून, मेंढरांच्या लेंड्या तुडवत, मागं न बघता गेले. लांब एका बाभळीखाली यल्लव्वा बसली होती. माझं तोंड बघून ती तंबाखू मळता मळता थांबली.

"काय वो वैनी, मास्तर काय बोलले व्हय?"

"काय बोलतात! माझी सवत यायची आहे म्हणे, म्हणून मला घालवून दिलं."

"सवत?" यल्लव्वा खो खो हसली. "अवो, नर हाय की त्यो!"

"नर असू दे नाहीतर आणखी कुणी असू दे. मला उठवून त्याला बसवलं ना?"

"तसं बगितलं तर लई देखना हाय," ती म्हणाली. "आमच्या मालकाची असली मान असती तर मी बी बगत बसले असते." तेवढ्यात लांबून तो आवाज आला. हूऽऽम. यल्लव्वानं माझा हात दाबला. मला दिसलं ते एवढंच, गवतावर काहीतरी पांढरं हेलकावत होतं. खरं सांगते, सुंदर होतं. म्हणून तर पोटात दुखलं.

दिवस कलल्यावर मास्तर आले ते अनवाणी. चपला आडोशातच विसरले होते. कॅमेऱ्याची पेटी तान्ह्या लेकरासारखी छातीशी धरलेली. "मिळाला," म्हणाले आणि मटकन खाली बसले. परतीच्या गाडीत सगळा रस्ताभर तो पक्षी. मान अशी केली, शेपूट अशी टाकली, उजेड पिसांच्या कडेनं असा आला. मी विचारलं, "त्यानं मला बघितलं का?"

"बघितलं की! तू गेलीस म्हणून तर तो नाचला."

यावर बायकोनं काय बोलावं, सांगा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मास्तर स्वतः म्हणाले, "ऊठ, नीट नेसून ये. आज तुझा." हूमाच्या फोटोची काच धुवायची घाई नव्हती त्यांना, म्हणाले, दोन्ही बरोबर धुऊ. मी नथ घातली, खुर्चीत बसले. मास्तर काळ्या कापडाखाली गेले, बाहेर आले, खुर्ची बोटभर सरकवली, परत गेले. मग बाहेर येऊन तिथंच उभे राहिले आणि माझ्याकडं नुसतं बघत राहिले. पदराकडं नाही, खांद्याकडं नाही, माझ्याकडं. मला वाटलं, त्या आडोशातून हे असंच बघत असणार. माझे कान तापले. कॅमेऱ्याची झडप उघडमीट झाली. झाला फोटो.

आता यातली एक गोष्ट सांगायला हवी. त्या वेळी फोटो काचेवर निघायचा. एका लाकडी चौकटीत दोन काचा, एक या अंगाला, एक त्या अंगाला. एकीवर फोटो काढला की चौकट फिरवायची आणि दुसरी वापरायची. नवशिकेसुद्धा यात चुकत नाहीत. मास्तर चुकले. हूम मिळाल्याच्या आनंदात खूण करायची राहिली, आणि सकाळी चौकट लावताना हूमाचं तेच अंग पुढं आलं.

अंधाऱ्या खोलीतून त्यांची हाक आली, "अगं, ये जरा." आवाज कसातरीच होता. लाल दिव्याखाली त्यांनी ओली काच धरली. काचेवर काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं दिसतं, पण मला त्याची सवय होती. खुर्चीत मी होते. माझ्या नथीवर त्या पक्ष्याची चोच. माझ्या गळ्याला त्याची पिशवी लोंबत होती. छातीवर दोन पाय रोवून तो माझ्या अंगावर उभा. माझ्या जन्मातला एकुलता एक फोटो, आणि त्यातही तो!

मास्तर पुटपुटले, "गेला. हूम गेला माझा."

मी थांबले. आणखी काही म्हणतील म्हणून थांबले. मग विचारलं, "आणि मी?"

"तू कुठं जातेस? तू आहेस की घरात. तुझा उद्या काढू."

तिथंच माझं मन फिरलं. मी म्हटलं, "उद्या नाही. मी बसणार नाही. मला बोलवायचं नाही. मी आपली आपण दिसेन तेव्हा दिसेन. तोवर बसा." मास्तरांचंच वाक्य होतं ते, नाही म्हणायची सोय नव्हती.

पुढच्या पावसाळ्यात ते पुन्हा माळावर गेले. मी गेले नाही. यल्लव्वाचा नवरा चालायला लागला होता. या वेळी फोटो चांगला आला, अगदी पिसन् पीस. लांबून लांबून माणसं बघायला आली. मास्तरांनी तो मोठा करून, चौकटीत बसवून माजघरातल्या भिंतीवर लावला. रोज सकाळी अंथरुणातून उठले की माझ्या आधी त्यांना तो दिसायचा.

त्यानंतरचा पावसाळा आला आणि गेला, मास्तर घरातच. बाजाराला घोंगडी विकायला आलेली यल्लव्वा आमच्या ओसरीवर टेकली. "मास्तर इनात की वो वैनी. हूम येतुया रोज. ह्यांचीच वाट बगत असंल बिचारा." मी मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, "आता काय जायचं? तो झाला की."

झाला की! इतके पावसाळे ज्याच्यासाठी अंगाचं लाकूड केलं, तो झाला. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पण मी चांगलीच चरकले, आणि तेव्हाच मनाशी पक्कं ठरवलं, आपण काही इतक्यात व्हायचं नाही.

मग आमची गंमत सुरू झाली. मास्तर खुर्ची खिडकीशी नेऊन ठेवायचे आणि सहज म्हटल्यासारखं म्हणायचे, "आज उजेड बरा आहे." मी म्हणायची, "आज माझे केस ओले आहेत." कधी हात पिठाचे असायचे, कधी नथीचा फासा सैल. मी स्टुडिओत केर काढायला गेले की ते गिऱ्हाइकाला सोडून वळून बघायचे. खिडकीला नवा पडदा आला. खुर्चीला नवं कापड आलं. एकदा टांगेवाले चाचा बसले होते, ते म्हणाले, "क्या मास्टर, इधर देखो ना, मेरा फोटू है!" मास्तर गोरेमोरे झाले. मी आत येऊन पदरात तोंड घालून हसले. माणसानं आपल्यासाठी थांबावं याची गोडी काय असते ते त्या हूमाला आधी कळलं होतं, मला उशिरा कळलं. आणि एकदा कळल्यावर मी सोडते थोडीच!

मास्तरांची छाती अंधाऱ्या खोलीतल्या औषधांनी खराब झाली, असं डॉक्टर म्हणाले. स्टुडिओ बंद झाला, कॅमेरा दुसऱ्या गावच्या माणसानं नेला. मास्तरांची कॉट माजघरात टाकली, हूमाच्या समोर. बोलणं कमी होत गेलं. पण मी खोलीत आले की मान वळायची, एवढं होतं.

एका दुपारी मला काय वाटलं कोण जाणे. तेच हिरवं इरकली नेसले, खुर्ची ओढली आणि कॉटसमोर जाऊन बसले. "बसले हो मी," म्हटलं. "काढा काय काढायचं ते."

मास्तर हसले. कोपरावर जरा उठले. डोळे बारीक करून बघायला लागले. माझी पाठ अवघडली, पायाला मुंग्या आल्या, रस्त्यावरून दोनदा टांगे गेले. मी विचारलं, "झालं का?"

"नाही अजून," म्हणाले. "बस."

मी बसले. त्यांच्या समोरच्या भिंतीवर तो पक्षी होता, पण त्यांना तो दिसत नव्हता. खुर्ची मी मुद्दामच त्याच्या आड ठेवली होती.